वेलिबची सायकल काढण्याआधी

बाळ, बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटची गर्दी चुकवत कॅम्पापर्यंत सायकल मारणाऱ्या पोरीला सायकल काय शिकवायची! पण पॅरिसची वेलिब, म्हणजे स्टँडवरून भाड्यानं घ्यायची सार्वजनिक सायकल, निराळी आहे, म्हणून लिहितोय.

2007 पासून ती तिथं चालू आहे. वर्गणी भरलीस की साध्या सायकलीचा पहिला अर्धा तास फुकट. हिरवी ती साधी, निळी ती बॅटरीची. निळीचा हिशेब वेगळा, तो आधी वाचून घे.

स्टँडवर गेलीस की पहिल्यांदा सीट बघ. मागं तोंड करून फिरवलेली असली तर ती सायकल सोड. आधीच्या माणसानं पुढच्यासाठी ठेवलेली ती खूण असते, नादुरुस्त असल्याची. कुणाची सक्ती नसताना लोक हे करतात, मला ही रीत फार आवडते. तुला बिघडलेली मिळाली तर तूही ठेवताना सीट फिरव. सीट सरळ असली तरी टायर दाबून हवा बघ, दोन्ही ब्रेक ओढ, पॅडल उलटं फिरवून चेन तपास.

मोंमार्त्रच्या टेकडीवर सायकल मिळेलच असं धरून चालू नकोस. लोक वरून उतरतात, चढवून आणणारे थोडे.

परत ठेवताना ती खाचेत पक्की बसली का, ओढून बघ. मोबाईलवर फेरी संपल्याचं दिसेपर्यंत हलू नकोस, नाहीतर पैसे चढत राहतात.

आणि तिथं उजव्या बाजूनं चालायचं. वळताना आपला हात सवयीनं डावीकडेच जातो, म्हणून सुरुवातीला रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर फिर.