अभ्यासवर्ग झाला, पुढे काय?

कामगार संघटनांच्या शिबिरांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे: हॉल भरतो, जेवण चांगले असते, फोटो निघतात आणि कामावर परतल्यावर मागचे पाढे पंचावन्न. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : आमचे 400 सभासद आणि 11 जणांची कमिटी. दरवर्षी दोन दिवसांचे शिबिर घेतो, नावाजलेले वक्ते बोलावतो, 80 माणसे येतात. तरी नव्या कमिटीला साधा अर्ज लिहिता येत नाही. कुठे चुकते? (युनिट सेक्रेटरी, रांजणगाव)

वक्ते बदलून फरक पडणार नाही. दोन दिवसांत दीड-दीड तासाची सात भाषणे ठेवली, की समोरच्याला टाळ्या वाजवण्यापलीकडे काम उरत नाही. अर्ज लिहायला शिकवायचे तर शिबिरातच अर्ज लिहून घ्यावा लागतो, आणि 80 जणांचे अर्ज कोणी तपासू शकत नाही. म्हणून आधी संख्या कमी करा: 20 ते 25. कमिटीचे 11 आणि प्रत्येक खात्यातला असा एखादा-दुसरा, जो पदावर नाही पण ज्याला लोक आधी विचारतात. तो ओळखायचा कसा? पगाराच्या दिवशी स्लिप घेऊन माणसे कोणाभोवती जमतात ते बघा.

शिबिराच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला एक कागद आणायला सांगा. पगाराची स्लिप, चार्जशीट (कंपनीने दिलेले आरोपपत्र), बदलीचा हुकूम, नोटीस बोर्डावरच्या सूचनेचा फोटो, काहीही चालेल. नाव आणि टोकन नंबर खोडून त्याच्या झेरॉक्स काढा. तोच तुमचा अभ्यासक्रम. दीड तासाच्या सत्रात बोलणे 20 मिनिटे, पाच-पाच जणांच्या गटात काम 45 मिनिटे आणि उरलेली 25 मिनिटे गटांनी केलेले वाचून त्यावर चर्चा. कायद्याचे सत्र जेवणानंतर ठेवू नका. नाइट करून आलेल्याला सकाळी दहाला बसवू नका; तो झोपणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे तारीख रविवार धरून ठरवण्याआधी सगळ्यांच्या शिफ्ट विचारून घ्या.

पहिले सत्र पगाराच्या स्लिपवर घ्या, कारण त्यात प्रत्येकाला रस असतो. समजा बेसिक 12,480 आणि महागाई भत्ता 8,320, एकूण 20,800 रुपये. 26 दिवसांनी आणि 8 तासांनी भागले की तासाचा दर 100 रुपये येतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे 200. महिन्यात 12 तास भरले तर 2,400 रुपये यायला हवेत. स्लिपवर 1,440 दिसले, तर हिशेब नुसत्या बेसिकवर केला आहे: तासाला 60, दुप्पट 120. फरक 960 रुपयांचा. हा आकडा गटानेच काढला पाहिजे, फळ्यावर आयता द्यायचा नाही. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. कोणी 30 दिवसांनी भागतो, कोणी जेवणाची सुट्टी धरून साडेआठ तासांनी. मग उत्तरे जुळत नाहीत आणि वाद होतो. तो होऊ द्या, त्यातूनच नियम डोक्यात बसतो. दुसरे म्हणजे गटातला एक चलाख माणूस मोबाइलवर झटपट उत्तर काढतो आणि बाकीचे बघत बसतात. म्हणून गटात एकच कॅल्क्युलेटर, आणि पेन सगळ्यांत कमी शिकलेल्याच्या हातात.

शेवटच्या तासात भाषण नको. प्रत्येकाने उठून सांगायचे: मी कोणते काम करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘संघटना मजबूत करणार’ हे काम नव्हे. ‘पेंट शॉपमधल्या दहा जणांच्या स्लिप तपासणार, 20 तारखेपर्यंत’ हे काम. सहा आठवड्यांनी याच लोकांना दोन तासांसाठी पुन्हा बोलवा. ही बैठक ठरवल्याशिवाय शिबिराची तारीखच जाहीर करू नका.

प्रश्न : तक्रार लिहायला शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे? (कमिटी सदस्य, सातपूर, नाशिक)

अर्जातून विशेषणे काढायला. बहुतेक अर्ज असे असतात: ‘सुपरवायझर कामगारांना नाहक त्रास देतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ यावर व्यवस्थापन एका ओळीत उत्तर देते, की असे काही घडलेले नाही. आता हे वाचा: ‘दि. 12 रोजी दुसऱ्या शिफ्टमध्ये प्रेस शॉपच्या 3 नंबर प्रेसचा सेन्सर बंद होता. दोन हातांच्या बटणांपैकी डाव्या बटणाला टेप लावून ते दाबून ठेवले होते. ऑपरेटरने सांगूनही काम चालू ठेवण्यास सांगण्यात आले. सेन्सर व बटण दुरुस्त होईपर्यंत प्रेस बंद ठेवावा आणि दुरुस्तीची नोंद कमिटीला दाखवावी.’ तारीख, शिफ्ट, मशीन, काय घडले, काय हवे. ‘नाहक’ कुठे आहे? गरजच पडली नाही. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे दाबल्याशिवाय असा प्रेस चालू नये, अशी रचना असते. प्रेसवर बोटे जातात ती बरेचदा अशाच टेप लावलेल्या बटणांमुळे. उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी एक हात मोकळा केला जातो आणि तोच हात डायखाली (साच्याखाली) जातो.

सराव असा घ्या: एकाने घडलेली गोष्ट तोंडी सांगायची, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे (कधी, कुठे, कोणी पाहिले, करारातले कोणते कलम), तिसऱ्याने लिहायचे. दहा ओळींपेक्षा मोठा अर्ज परत करायचा. अर्जाच्या दोन प्रती, आणि दुसरीवर तारखेसह पोच. पोच द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट. पोच न घेतलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजा.

नव्या श्रम संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे 20 किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान, एकूण जास्तीत जास्त दहा, आणि स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा. तक्रार एका वर्षाच्या आत करायची, समितीने 30 दिवसांत निकाली काढायची. समाधान न झाल्यास 60 दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे (वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येते. यातले एक वाक्य प्रतिनिधींना पाठ असायला हवे: कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिकांची संमती नसेल, तर समितीचा निर्णय झाला असे धरले जात नाही. हे माहीत नसलेला प्रतिनिधी ‘बहुमताने ठरले’ म्हणून गपचूप सही करून बाहेर येतो.

प्रश्न : शिबिरासाठी पगारी रजा मागण्याचा हक्क आहे का? (अंबड, नाशिक)

कायद्यात तशी सरसकट तरतूद नाही. पगारी शैक्षणिक रजेचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 140 क्रमांकाचा करार 1974 चा आहे आणि त्यात कामगार संघटनांचे शिक्षणही धरले आहे, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. म्हणून ही मागणी पुढच्या मागणीपत्रात घाला. माणशी दिवस मागू नका, एकत्र मनुष्यदिवस मागा: 11 जण गुणिले 4, म्हणजे वर्षाला 44. मग कोणाला किती पाठवायचे हे कमिटी ठरवते. कलमात ‘रजा’ हा शब्द टाळून ‘ऑन ड्यूटी’ लिहून घ्या, नाहीतर पगार मिळतो पण हजेरी बोनस कापला जातो. खर्चाचे म्हणाल तर 400 सभासद आणि 50 रुपये मासिक वर्गणी असेल तर वर्षाला 2,40,000 जमतात. दहा टक्के, म्हणजे 24,000, शिक्षणाच्या खात्यावर वार्षिक सभेतच ठराव करून बाजूला काढा.

प्रश्न : आमच्या संघटनेत सगळ्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. मोर्चाला हजारोंनी येतात, पण बैठकीत त्याच तिघी बोलतात. बाकीच्यांना पुढे कसे आणायचे? (तालुका प्रतिनिधी, सोलापूर जिल्हा)

आधी वेळ आणि जागा बघा. अंगणवाडी सुटल्यावर दुपारची बैठक, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी जागा, आणि शेवटची गाडी चुकणार नाही असा शेवट. प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्या. ‘नंतर जमा करू’ म्हटले की लांबच्या गावातली पुढच्या वेळी येत नाही. लहान मूल असलेली येणार हे धरून एकीला फक्त मुलांकडे बघायचे काम द्या, आणि दर वेळी वेगळीला.

बोलण्याची सुरुवात माइकवर नको. आधी शेजारणीला दोन मिनिटे सांगायचे, मग शेजारणीने ते गटाला सांगायचे. स्वतःचे सांगण्यापेक्षा दुसरीचे सांगणे सोपे जाते. तिसऱ्या बैठकीपासून अध्यक्षपद आणि इतिवृत्त पाळीपाळीने. त्या तिघी मध्ये बोलणारच. त्यांना वेळ मोजायचे काम द्या. काम असले की माणूस गप्प बसतो.

सगळ्यांत उपयोगी सराव म्हणजे शासन निर्णय (जीआर) वाचणे. एक जीआर पाचजणींत वाटा: एकीकडे विषय, एकीकडे ‘वाचा’खालचे संदर्भ, एकीकडे प्रस्तावना, एकीकडे प्रत्यक्ष निर्णय, एकीकडे शेवटचा परिच्छेद आणि प्रती. प्रत्येकीने आपला भाग साध्या बोलीत सांगायचा. ‘वाचा’खाली जुन्या जीआरची यादी असते, ती काढली की आधी काय कबूल केले होते ते सापडते. शेवटी संकेतांक असतो. तो वहीत उतरवला की संकेतस्थळावर तोच कागद पुन्हा मिळतो, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या अर्धवट फोटोवर विसंबावे लागत नाही. मानधन अडल्यावर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यासमोर ‘आम्हाला न्याय द्या’ म्हणणारी बाई आणि ‘अमुक तारखेच्या निर्णयातला तिसरा मुद्दा’ म्हणणारी बाई यांना मिळणारी उत्तरे वेगळी असतात.

प्रश्न : जुन्या शिबिरांच्या नोट्स आमच्याकडे आहेत. नव्या संहिता आल्यावर त्या चालतील का? (ठाणे)

पगाराचा हिशेब आणि अर्जलेखन चालेल. संप आणि युनियनची मान्यता (व्यवस्थापनाशी वाटाघाटी करण्याचा अधिकार) हे भाग नव्याने लिहा. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस दिल्यापासून 14 दिवसांच्या आत संप करता येत नाही. समेटाची कार्यवाही चालू असतानाही नाही. पूर्वी लोक ‘उद्या सगळे कॅज्युअल टाकू’ म्हणून मोकळे व्हायचे. आता निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली की तो संपच. ही गोष्ट शिबिरात न सांगणे म्हणजे तरुण पोरांना नोकरीवर पाणी सोडायला लावणे.

मान्यतेचे गणितही बदलले आहे. 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात सलग सहा महिने 30 टक्के सभासद असले की पुरत. औद्योगिक संबंध संहितेत एकाहून अधिक युनियन असतील तर एकटीने वाटाघाटी करायला मस्टरवरचे (हजेरीपटावरचे) 51 टक्के लागतात. तेवढे कोणाकडेच नसतील तर 20 टक्के किंवा अधिक सभासद असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद होते. मस्टरवर 640 नावे असतील तर 327 हवेत, आणि परिषदेत यायला 128. शिबिरात सभासद रजिस्टर आणि पावती पुस्तके समोर ठेवून हे मोजा. सोडून गेलेल्यांची नावे, दोनदा लिहिलेले टोकन नंबर, वर्गणी थकलेले, असे एकेक गळत जाते आणि ‘आपण चारशे’ म्हणणारी युनियन तीनशेच्या खाली येते. हे मोजणीच्या दिवशी कळण्यापेक्षा शिबिरात कळलेले बरे. आधीपासून चालू असलेली प्रकरणे कोणत्या कायद्याखाली पुढे जातील, हे मात्र वकिलाला प्रकरण दाखवूनच विचारा.

प्रश्न : गोदामातल्या कंत्राटी कामगारांत काम सुरू करायचे आहे. नव्या कार्यकर्त्यांना पहिल्यांदा काय शिकवावे? (भिवंडी)

नकाशा काढायला. मोठ्या कागदावर गोदामाचा आराखडा काढा: गेट, डॉक, रॅक, पॅकिंगची टेबले, कँटीन, संडास. त्यावर प्रत्येक जागी शिफ्टप्रमाणे माणसे, त्यांचा ठेकेदार, राहण्याचे ठिकाण आणि ते कोणत्या गाडीने येतात हे लिहा. तीन-चार ठेकेदारांची माणसे एकाच टेबलावर वेगवेगळ्या दराने काम करताना दिसली, की पहिला मुद्दा आपोआप मिळतो. रिकामी जागा म्हणजे जिथे आपली ओळख नाही. पुढच्या आठवड्याचे काम तेच.

मग एकास एक बोलणे, खोलीवर किंवा चहाच्या टपरीवर, गेटसमोर नाही. अर्ध्या तासात कार्यकर्त्याने दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलायचे नाही. सरावात तिसऱ्याला घड्याळ लावून बसवा. नवखे हमखास वीस मिनिटे कायदा सांगतात. शेवटी छोटे काम मागायचे: दोघांची नावे दे, गेल्या महिन्याची स्लिप आण. ‘बघू’ म्हणाला तर तो अजून तयार नाही, आणि तसे लिहून ठेवा. सह्यांची मोहीम किंवा मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप पहिल्या महिन्यात नको. ग्रुपचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत ठेकेदाराकडे पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी चार जणांना ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितले जाते. युनियनच्या नोंदणीला 10 टक्के किंवा 100 कामगार, यांपैकी कमी असेल तो आकडा लागतो, मात्र सातपेक्षा कमी चालत नाहीत. तेवढे जमले म्हणून लगेच अर्ज करू नका. प्रत्येक शिफ्टमध्ये निदान दोन भरवशाची माणसे होईपर्यंत थांबा.

प्रश्न : सरकारी संस्थांचे वर्ग उपयोगी असतात का? (नागपूर)

तुमच्या शहरातच दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय श्रमिक शिक्षण व विकास मंडळाचे मुख्यालय आहे. 1958 पासून हे मंडळ वर्ग घेते. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कामगार राज्य विमा), सुरक्षा, सरकारी योजना यांसाठी तिथल्या शिक्षकांना बोलवा. माहिती नेमकी मिळते. संघटना बांधणे, मतभेद मिटवणे, व्यवस्थापनासमोर बसणे हे तुमच्या जुन्या पदाधिकाऱ्यांनाच शिकवावे लागेल. त्यांना बोलावताना विषय आठवणींचा देऊ नका. मागच्या कराराच्या वेळची टिपणे घेऊन या म्हणावे, आणि मागणीपत्रातल्या कोणत्या मागण्या कोणत्या बैठकीत सोडल्या आणि का, एवढेच सांगायला सांगा.