थिसिसमधला ‘च’

“मॅडम, रिसर्च माझ्याच्याने नाही होणार.” दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की हे वाक्य येतंच माझ्याकडे, म्हणजे कौन्सेलरकडे, इंजिनीअरिंगवाले, फार्मसीवाले, सगळे. म्हणून एका फॉरेस्ट्रीवाल्याची गोष्ट सांगते (तपशील बदललेत, त्याला विचारूनच लिहितेय).

एमएस्सीचं दुसरं वर्ष, विषय कोकणातली एक देवराई. दहा बाय दहा मीटरचे 30 क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीचे चौकोन, टाकायचे, आतल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि 1.37 मीटर उंचीवरचा घेर लिहायचा. अकरा झाले आणि गाडी थांबली. आईला वाटलं मोबाईलचं व्यसन. पहिली दोन सेशन तो पण तेच म्हणत होता, आळशी आहे मी वगैरे.

तिसऱ्या वेळी मी म्हटलं, फील्डबुक घेऊन ये. मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, पण पानं उलटताना दिसलं की घेराचे आकडे आहेत आणि मधेमधे नावाचा रकाना कोरा.

“हे कोरं का?”

“ओळखता नाही आलं. ऐन ओळखतो, साल मगरीच्या पाठीसारखी असते. पण काहींना पानंच नव्हती.”

“मग ‘अनोळखी’ लिहायचं.”

“फॉरेस्ट्रीच्या मुलाला ओळखता आलंच पाहिजे ना मॅडम!”

सापडला. आळस नव्हताच, तो ‘च’ होता. मी म्हटलं, हेच वाक्य ‘च’ काढून म्हण. बराच वेळ गप्प बसला. मग हळूच, “ओळखता आलं... तर बरं.” आणि हसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा! खरं सांगू, वीस वर्षं हे काम करतेय तरी असा क्षण आला की मला अजून चहा सुचत नाही.

“गाइडना विचारलंस?”

“स्वतंत्र रिसर्च आहे ना?”

आता स्वतंत्र म्हणजे एकट्याने, हे कुणी शिकवलं या मुलांना? पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तकांनी 1970 च्या दशकात देवरायांची नोंद केली ती गावोगाव लोकांना विचारूनच की. हा मात्र देवळातल्या गुरवकाकांना रोज नमस्कार करून पुढे जायचा, झाडाचं नाव विचारायला लाज.

तर तुमचंही अडलं असेल तर आधी बघा कोणता ‘च’ आडवा आलाय. कॉन्फिडन्स आल्यावर काम सुरू करू असं म्हणत बसू नका, तो कामामागून येतो. गाइडकडे “जमत नाही” घेऊन जाऊ नका, “या सहा झाडांची नावं हवीत” असं घेऊन जा, उत्तर मिळतं. याने तेच केलं, अनोळखी 1, अनोळखी 2 असे नंबर दिले, सालीचे फोटो काढले, डहाळ्या वर्तमानपत्रात दाबून ठेवल्या. चार नावं गुरवकाकांनी उभ्याउभ्या सांगितली.

परवा फोन, “मॅडम, अनोळखी 4 ला फुलं आलीत!”

म्हटलं, मला काय सांगतोस, गाइडना लाव फोन.