वाचकांचे प्रश्न : वेस माँटगोमेरी यांची गिटार

प्रश्न : जॅझ गिटारवादकांमध्ये वेस माँटगोमेरी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, म्हणून त्यांची १९६७ च्या सुमाराची ध्वनिमुद्रणे ऐकली. वादन गोड आहे, पण असामान्य असे काही जाणवले नाही. मग एवढी कीर्ती कशामुळे?

उत्तर : आपण त्यांना शेवटाकडून ऐकायला घेतलेत, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या काळातल्या रेकॉर्डींवर लोकप्रिय गाण्यांच्या चाली, व्हायोलिनांचा भरगच्च ताफा आणि मोजूनमापून दिलेला वेळ असल्यामुळे उपजेला, म्हणजे वाजवता वाजवता सुचणाऱ्या विस्ताराला, जागा जवळजवळ उरत नाही. या रेकॉर्डी भरपूर खपल्या आणि त्याआधीच्या, याच वळणाच्या 'गोइंग आउट ऑफ माय हेड'ला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. परंतु त्यांची कीर्ती त्याआधीच, आणि मुख्यतः वादकांच्या वर्तुळात, झालेली होती.

१९२३ मध्ये इंडियानापोलिस येथे जन्मलेल्या वेस यांना स्वरलिपी वाचता येत नसे. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांच्या रेकॉर्डी ऐकून त्यांनी त्यातले एकल वादन जसेच्या तसे बसवले. पुढे जॅझवादक लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदाबरोबर दोनेक वर्षे फिरून ते घरी परतले आणि दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबमध्ये वादन असा दिनक्रम त्यांनी कित्येक वर्षे चालवला. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांनी त्यांना तेथे ऐकले आणि रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज यांच्याकडे त्यांच्यासाठी आग्रह धरला, तेव्हा वेस छत्तीस वर्षांचे होते.

त्यांचे वैशिष्ट्य म्हणून ऑक्टेव्हचा, म्हणजे एकच स्वर लगतच्या दोन सप्तकांत एकदम वाजवण्याचा, उल्लेख नेहमी होतो. ही युक्ती त्यांची नव्हे. गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या वादनात ती आधीच आढळते. यात दोन तारांच्या मधली तार डाव्या हाताच्या बोटाने हलकेच स्पर्शून मुकी ठेवावी लागते, आणि अशा जोडस्वरांत वेस लांबच लांब ओळी इतक्या सहज गुंफतात की त्यामागचे कष्ट ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. तरीही माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण रचनेत आहे. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'हाफ नोट' क्लबमध्ये पियानोवादक विंटन केली यांच्या त्रयीबरोबर वाजवलेले, जवळजवळ तेरा मिनिटांचे 'नो ब्लूज' ऐका : आरंभी एकेरी स्वरांच्या ओळी, मग ऑक्टेव्ह, आणि अखेरीस भरीव कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर. प्रत्येक पायरीवर नाद दाट होत जातो. पण आधीच्या पायरीवरचे सांगणे पुरे झाल्याखेरीज ते पुढची चढत नाहीत.

प्रश्न : ते पिकऐवजी (तार छेडण्याच्या छोट्या पट्टीऐवजी) अंगठ्याने का वाजवत?

उत्तर : रात्रीच्या रियाजाचा शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी पिक बाजूला ठेवला, असे सांगितले जाते. अंगठ्याच्या मांसल भागाने छेडलेल्या तारेला पिकसारखी टोकदार धार नसते. तिचा स्वर गोलसर आणि ऊबदार उमटतो. अंगठ्यामुळे वेग कमी होतो हा आक्षेप एरवी खरा आहे, मात्र वेस यांच्या द्रुत लयीतल्या ओळी ऐकताना त्याची आठवणही होत नाही. (आपल्याला गोड वाटलेल्या त्या ध्वनिमुद्रणांतही हा आवाज शाबूत आहे.)