आरसी (रेडिओ-कंट्रोल) टूरिंग कार डावीकडे वळताना मागून सुटते, उजवीकडे मात्र वळतच नाही. सेटअपमध्ये काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी १/१० स्केलची, फोर-व्हील ड्राइव्ह, १७.५ टर्न मोटरची आहे आणि डांबरी ट्रॅकवर रबर टायर लावून चालवता. डाव्या वळणात मागचा भाग सुटतो, उजव्या वळणात नाक आत येत नाही, स्प्रिंग आणि शॉकचं तेल बदलूनही काही फरक नाही. तो पडणारच नव्हता. स्प्रिंग, तेल, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हे दोन्ही बाजूंना सारखं बदललं की दोन्ही वळणांवर परिणामही सारखाच होतो. गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वागत असेल, तर सेटिंगला हात लावण्याआधी गाडीत डावं-उजवं कुठे बिघडलंय ते शोधायला हवं.

बहुतेक वेळा हा ट्वीक असतो. म्हणजे एका कर्णावरच्या दोन चाकांवर वजन जास्त आणि दुसऱ्या कर्णावरच्या दोन चाकांवर कमी. तुमच्या लक्षणांवरून पुढचं डावं आणि मागचं उजवं ही जोडी जड असावी. डावीकडे वळताना वजन उजवीकडे सरकतं. मागचं उजवं चाक आधीच जड, त्यावर आणखी भार येतो आणि मागचं डावं जवळजवळ रिकामं होतं. एका ॲक्सलच्या दोन चाकांतली वजनाची तफावत जितकी मोठी, तितकी त्या ॲक्सलची एकूण पकड कमी. म्हणून मागचा भाग सुटतो. उजव्या वळणात हेच पुढच्या ॲक्सलच्या वाट्याला येतं आणि गाडी वळत नाही.

गाडी खोलण्याआधी दोन सोप्या गोष्टी तपासा. डावे आणि उजवे टायर आपसांत बदला आणि पाच-सहा लॅप चालवा. दोषाची बाजूही बदलली, तर टायरच कारणीभूत आहेत: एक जास्त झिजलाय, रिमवरचा गोंद सुटलाय किंवा आतला इन्सर्ट सरकलाय. दुसरं म्हणजे स्टिअरिंग. रेडिओवर सब-ट्रिम आणि ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंग) शून्यावर आणा, सर्व्हो (स्टिअरिंग फिरवणारी मोटर) मध्यावर असताना त्याचा हॉर्न, म्हणजे दांडी, जागेवर बसवा, मग दोन्ही टोकांना चाक किती अंश वळतं ते सेटअप स्टेशनवर (चाकांचे कोन मोजायच्या साधनावर) मोजा. डावीकडे वळताना डावं चाक जितकं वळतं, तितकंच उजवीकडे वळताना उजवं वळायला हवं. नसेल तर एंड पॉइंट (चाक किती वळेल याची रेडिओवरची मर्यादा) दोन्ही बाजूंचे वेगवेगळे लावा. उजवीकडे तीन अंश कमी मिळाले तरी गाडी तिथे वळत नाही असंच वाटतं आणि माणूस स्प्रिंगला दोष देत बसतो.

हे दोन्ही ठीक असेल, तर शॉक आणि अँटी-रोल बारच्या (डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडून गाडीचं कलणं कमी करणाऱ्या सळईच्या) लिंक काढा. प्रत्येक आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) हाताने वर उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनाने थेट खाली पडायला हवा. मध्येच थांबत असेल तर हिंज पिन (आर्म जिच्यावर फिरतो ती) वाकलीय, छिद्रात धूळ आहे, किंवा कॅम्बर लिंकचा बॉल-कप घट्ट बसतोय. बॉल-कप घट्ट असेल तर बॉलवर बसवलेला असतानाच प्लायर्सने हलकेच दाबायचा, एकदाच. जास्त दाबला की ढिला पडतो आणि मग टो (वरून बघता चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर लॅपगणिक बदलत राहतं. आर्मचं छिद्र घट्ट असेल तर रीमर हाताने फिरवा. ड्रिल मशीन लावू नका, छिद्र मोठं होतं. हा टप्पा फार कमी लोक मनापासून करतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. अडकणारा आर्म असेपर्यंत पुढची सगळी मापं खोटी.

मग चॅसी. कार्बन फायबरची प्लेट सहसा वाकत नाही, पण टक्कर झाली की टॉप डेक (वरची प्लेट) आणि बल्कहेड (सस्पेन्शन धरणारे उभे भाग) स्क्रूच्या छिद्रांतल्या जागेपुरते सरकतात आणि तसेच अडकून बसतात. टॉप डेकचे सगळे स्क्रू अर्धा-पाऊण फेरा ढिले करा. चॅसी सेटअप बोर्डवर किंवा जाड काचेवर ठेवा, तळहाताने सपाट दाबून धरा आणि स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे असे, थोडे थोडे कसत या. एक पूर्ण कसून मग दुसरा घेतला तर पीळ परत येतो. मोटर माउंटचे स्क्रू विसरू नका. रेसमध्ये जोरदार धडक बसली की दर वेळी हे करायचं.

शॉकमध्ये दोन गोष्टी सारख्या हव्यात: लांबी आणि रिबाउंड (दाबलेला दांडा परत बाहेर येण्याचा जोर). पूर्ण ताणलेल्या शॉकची एका छिद्रापासून दुसऱ्या छिद्रापर्यंतची लांबी व्हर्नियरने मोजा. डाव्या-उजव्यात ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका. तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करा, बुडबुडे निघून जायला शॉक दहा मिनिटं उभा ठेवा, मग टोपी लावा. रिबाउंडसाठी स्प्रिंग न लावता डाव्या-उजव्या शॉकच्या दांड्यांची टोकं एकमेकांना टेकवून दोन्ही बाजूंनी दाबा. दोन्ही दांडे बरोबरीने आत गेले पाहिजेत. एक आधी आत गेला तर त्यात हवा आहे किंवा तेल कमी आहे.

शॉक बसवल्यावर ड्रूप (आर्म मोकळा असताना किती खाली जातो ते) लावा. चॅसी १० मिमीच्या ब्लॉकवर ठेवायची, चाकं काढलेली, आणि गेजने आर्म किंवा हब किती खाली येतो ते बघायचं. आकडा किटच्या सेटअप शीटचा घ्या, कारण गेज कुठे टेकवायचा हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. डावं-उजवं मात्र एकच हवं. ड्रूपच्या वेळी अँटी-रोल बार जोडलेला नको. त्याच्या ताणाने आकडा चुकतो.

आता ट्वीकची खरी तपासणी. बॅटरी जागेवर, वायर नेहमीसारख्या बांधलेल्या, बॉडी काढलेली, अँटी-रोल बार सुटे. गाडी बोर्डवर ठेवून थोडी उचलून सोडा म्हणजे सस्पेन्शन बसेल. मग चॅसीच्या पुढच्या कडेला, बरोबर मध्यरेषेवर, चाकूचं टोक लावून सावकाश उचला आणि पुढच्या दोन टायरांकडे बघा. दोघांनी एकदमच बोर्ड सोडायला हवा. तुमच्या गाडीत बहुधा उजवं आधी सुटेल. इथेच पुष्कळ लोक पुढच्या स्प्रिंगची कॉलर (स्प्रिंगचा दाब ठरवणारी फिरती कडी) फिरवतात आणि गोंधळ वाढवतात. पुढून उचलल्यावर चॅसी फक्त मागच्या स्प्रिंगवर तोललेली असते, म्हणून पुढे दिसणारा फरक मागच्या स्प्रिंगचा असतो. उजवं आधी सुटलं तर मागच्या उजव्या शॉकची कॉलर थोडी सैल करा आणि मागच्या डाव्याची तेवढीच घट्ट, म्हणजे राइड हाइट (चॅसीची जमिनीपासूनची उंची) बदलत नाही. पाव फेऱ्याने सुरुवात करा. मग मागून उचला आणि पुढच्या कॉलर याच रीतीने जुळवा.

डाव्या-उजव्या कॉलरमध्ये मिलिमीटरभर फरक ठेवावा लागत असेल, तर थांबा. तुम्ही वाकडेपणा स्प्रिंगने झाकताय. चॅसीचा पीळ, आखूड शॉक किंवा डाव्या-उजव्या वजनातला फरक, यांपैकी काहीतरी अजून तिथेच आहे. बॅटरी एका बाजूला आणि मोटर-स्पीड कंट्रोलर दुसऱ्या बाजूला असल्याने वजन क्वचितच आपोआप जुळतं. चार छोट्या काट्यांवर चाकं ठेवून मोजा आणि हलक्या बाजूला शिशाची पट्टी चिकटवा; फरक १० ग्रॅमच्या आत आला की पुरे. बोर्ड लेव्हलमध्ये नसेल तर हे सगळं मोजमाप वाया जातं.

शेवटी अँटी-रोल बार जोडा. एका बाजूचं चाक हळू उचला आणि दुसऱ्या बाजूचं कधी हलायला लागतं ते बघा, मग उलट बाजूने तेच करा. दोन्हीकडे सारखं नसेल तर एका लिंकची लांबी बदला. बारला धरणारे ग्रब स्क्रू इतकेच कसायचे की बार मोकळा फिरेल पण खडखडणार नाही.

एवढं झालं की डावी-उजवी तक्रार बहुतेक संपलेली असते. त्यानंतर डांबरी ट्रॅकसाठी मी अशी सुरुवात करायला सांगेन: राइड हाइट ५.२ ते ५.५ मिमी, कॅम्बर पुढे उणे १.५ आणि मागे उणे २ अंश, पुढे अर्धा अंश टो-आउट, मागे ३ अंश टो-इन, शॉकमध्ये ४०० सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं माप) तेल, पुढे स्पूल (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा पक्का ॲक्सल), मागच्या गिअर डिफमध्ये (डिफरेन्शियलमध्ये) ५००० सीएसटी. राइड हाइट रेसच्याच टायरवर मोजा. टायर झिजतात तशी ती कमी होत जाते.

यानंतरही गाडी दोन्हीकडे सारखीच मागून सुटत असेल, तर वळणाच्या कोणत्या भागात सुटते ते आधी ठरवा. थ्रॉटल सोडल्यावर, आत शिरताना सुटत असेल तर स्पीड कंट्रोलरचा ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा ब्रेक) कमी करा, मागचा ड्रूप कमी करा म्हणजे मागची बाजू फार उचलली जाणार नाही. मधोमध सुटत असेल तर मागचा अँटी-रोल बार एक माप बारीक लावा, किंवा मागच्या आर्मच्या माउंटखालचा ०.५ मिमीचा शिम (पातळ चकती) काढून रोल सेंटर (गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली आणा. मागे रोल वाढतो आणि डांबरावर पकड मिळते. शिम काढल्यावर कॅम्बर आणि ड्रूप पुन्हा तपासावेच लागतात. बाहेर पडताना, थ्रॉटल देताना सुटत असेल तर पुढचा ड्रूप वाढवून बघा: नाक थोडं उचललं जातं आणि वजन मागे येतं. डिफचं तेल मी सगळ्यात शेवटी बदलेन, कारण त्याचा परिणाम वळणाच्या प्रत्येक भागावर होतो आणि नेमकं कशाने काय सुधारलं ते कळेनासं होतं.

एका वेळी एकच बदल, आणि तोही जाणवेल इतका मोठा: अर्धा अंश टो, पूर्ण एक माप स्प्रिंग. बदलानंतर टायर तापायला दोन-तीन लॅप द्या, मगच ठरवा. कधी कार्पेटवर चालवायची वेळ आली तर यातले पकड वाढवणारे उपाय तिथे जसेच्या तसे नेऊ नका. जास्त ग्रिपमध्ये गाडी वळणात बाहेरच्या चाकांवर उलटते. तिथे राइड हाइट ५ मिमीच्या आसपास आणा, स्प्रिंग आणि बार कडक लावा आणि पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर सुपरग्लूचा पातळ थर देऊन ती कड घसरू द्या.