पोलीस आणि वस्ती यांच्यात विश्वास खरंच जमतो का?

तुम्ही विचारलंय की कम्युनिटी पोलिसिंगमुळे, म्हणजे वस्तीला सोबत घेऊन केलेल्या पोलीस कामामुळे, पोलीस आणि रहिवासी खरंच एकत्र येतात का, की नुसत्या बैठका आणि फोटोच होतात. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या आमच्या वस्तीत मी काही वर्षं पोलीस पंचायतीत, म्हणजे रहिवासी आणि पोलीस मिळून वस्तीतली भांडणं सोडवतात त्या समितीत, बसले आहे. माझं उत्तर: जमतं, पण बैठकीत नाही.

पोलीस पंचायत आधी पुण्यात सुरू झाली, ए. एन. रॉय तिथे पोलीस आयुक्त असताना. 2004 मध्ये ते मुंबईचे आयुक्त झाले आणि ती इथल्या झोपडपट्ट्यांतही आली. जोकिन अर्पुथम यांचं झोपडपट्टीवासीयांचं फेडरेशन आणि महिला मिलन या वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका यात होत्या. पंचायतीत सात बायका, तीन पुरुष आणि ठाण्याकडून एक पोलीस. बायका जास्त, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पोलिसांची पायरी चढायला सगळ्यात जास्त घाबरतात त्या बायकाच.

आमच्याकडचं पहिलं मोठं भांडण पाण्याचं होतं. पाणी पहाटे साडेचारला यायचं, कोणीतरी मोटर लावून खेचायचं आणि शेवटच्या चार घरांत थेंब नाही. एकीने दुसरीच्या डोक्यात कळशी घातली. पूर्वी असं झालं की ठाण्यात जायचं, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घ्यायची, कागद घेऊन घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी हवालदार टोपी मांडीवर ठेवून आमच्यासोबत चटईवर बसले. म्हणाले, "मावशी, आधी मोटर कोणाकोणाकडे आहे ते बघू." घरं फिरलो, पाळ्या ठरवल्या, वहीत लिहून दोघींच्या सह्या घेतल्या. पुढच्या आठवड्यात ते एकदा स्वतः पहाटे साडेचारला नळावर येऊन उभे राहिले, कोणी न बोलावता. त्यानंतर लोक त्यांना आपणहून गोष्टी सांगायला लागले.

त्याचा उपयोग गणपतीत झाला. विसर्जनाच्या आदल्या रात्री मशिदीवर दगड पडल्याची अफवा उठली. पोरं जमायच्या आत आमच्यापैकी तिघीचौघींचे फोन हवालदारांना गेले. ते आले, मंडळाच्या आणि मशिदीच्या दोन-दोन माणसांना घेऊन वर चढले. बघतात तर दगड नव्हताच, जुन्या घराचा पत्रा कोसळला होता.

भिवंडीत हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. 1984 च्या दंगलीने ते गाव होरपळलं होतं. नंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यांत पुढारी नाही, साधी माणसं घेतली, हिंदू-मुसलमान एकत्र. 1992-93 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मग मुंबईतही माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. आमच्या मुंबईत मात्र दंगल होऊन गेल्यावर हे सुचलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. नवरा मारतो, ही तक्रार पंचायतीत मिटवायची नाही. सुरुवातीला आम्ही एका बाईला "समजुतीने घे" म्हणून घरी पाठवलं. पंधरा दिवसांनी ती हात मोडून आली. त्यानंतर मारहाण म्हटली की आम्ही सोबत जाऊन सरळ ठाण्यात गुन्हा नोंदवायला लावतो.

सगळ्यात मोठी अडचण बदलीची. दोन-तीन वर्षांत माणूस ओळखीचा होतो आणि जातो. म्हणून आम्ही वही सांभाळून ठेवतो, आणि जाणाऱ्या हवालदारांना विनंती करतो की नव्या माणसाला एक संध्याकाळ गल्लीगल्लीतून फिरवा.

तुमच्या भागात सुरू करायचं असेल तर तुमच्या बीटला (गस्तीच्या भागाला) कोण आहे ते आधी ठाण्यात विचारा. पहिल्या भेटीला मोठा प्रश्न नेऊ नका. गल्लीच्या तोंडाशी रोज रात्री दारू पिऊन बसणारी टोळकी, क्लासवरून येणाऱ्या मुलींना होणारा त्रास, असं काहीतरी न्या, ज्याचा फरक आठवडाभरात दिसेल.