ल्युपसमध्ये मांडीवर गाठी, ताप आणि घसरत्या पेशी : दुसरी बायोप्सी करावी का?

आपल्या बहिणीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, आहे, त्यासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेते, सहा आठवडे ताप आहे, मांड्यांवर दुखऱ्या गाठी आहेत, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होत आहेत. पहिल्या बायोप्सीत (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) निदान न झाल्याने दुसरी करावी का, असे आपण विचारले आहे. करावी, आणि लांबणीवर टाकू नये. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे नमुने तपासते, म्हणून कारण सांगते.

ताप आला की संसर्ग, पेशी घटल्या की औषधाचा परिणाम, गाठ आली की ल्युपसचीच सूज, अशी प्रत्येक लक्षणाची वेगळी समजूत घालता येते आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असते. पण तिन्ही एकत्र वाढू लागली, की त्वचेखालच्या चरबीत होणाऱ्या टी-पेशींच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) दुर्मीळ लिम्फोमाचा, म्हणजे कर्करोगाचा, विचार करावाच लागतो. हा आजार चरबीच्या साध्या सुजेसारखा दिसतो आणि त्याच्या काही रुग्णांना ल्युपस आधीपासूनच असतो, त्यामुळे चकवा अधिकच बसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या प्रत्येक पेशीभोवती गडद लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशी) कडे करून बसलेल्या दिसतात. ते दिसण्यासाठी नमुन्यात चरबी तर हवी! पंच बायोप्सीत, म्हणजे छोट्या गोल पात्याने काढलेल्या तुकड्यात, त्वचा नीट येते, चरबी मात्र अनेकदा खालीच राहते. माझ्याकडे आलेल्या एका तुकड्याच्या तळाशी चरबीचा जेमतेम एक कण होता आणि मला ‘नमुना अपुरा’ एवढेच लिहून द्यावे लागले. म्हणून या वेळी छेद घेऊन, चरबीपर्यंत खोल जाणारा तुकडा काढावा. त्यातला थोडा भाग फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) न टाकता क्षयरोग आणि बुरशीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, पाठवावा, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत हे संसर्ग हुबेहूब अशाच गाठी करू शकतात.

मला जास्त काळजी रक्ताची वाटते. या लिम्फोमात, आणि कधी नुसत्या ल्युपसमध्ये किंवा संसर्गातही, बेफाम झालेल्या मॅक्रोफेज (एरवी जंतू गिळणाऱ्या) पेशी स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. याला हिमोफॅगोसायटिक सिंड्रोम म्हणतात. रक्तातील फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) आणि ट्रायग्लिसराइड्स (चरबी) चढतात, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) उतरते, प्लीहा वाढते. फायब्रिनोजेन उतरल्यामुळे ईएसआर (शरीरातील सूज दाखवणारी रक्तचाचणी) खाली येतो, आणि घरच्यांना उगीच आराम पडल्यासारखे वाटते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात या लिम्फोमाच्या, पण हा सिंड्रोम नसलेल्या रुग्णांपैकी ९१ टक्के, तर असलेल्यांपैकी ४६ टक्केच पाच वर्षांनंतर हयात होते. म्हणून फेरिटिन आणि फायब्रिनोजेन आजच तपासायला सांगा. त्यासाठी बायोप्सीच्या अहवालाची वाट पाहू नका.

लिम्फोमाच निघाला, तरी धीर सोडू नका. टी-पेशींवरील ग्राहीनुसार ठरणाऱ्या अल्फा-बीटा प्रकारात बऱ्याच रुग्णांना तीव्र केमोथेरपीऐवजी स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन किंवा मेथोट्रेक्सेट यांनी गुण येतो. गॅमा-डेल्टा प्रकार आता वेगळा आजार मानला जातो, तो फार आक्रमक असतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात, म्हणून प्रकार ठरवणाऱ्या विशेष चाचण्या टाळू नयेत. स्टिरॉइडमुळे बायोप्सीतले चित्र पुसट होऊ शकते, तरी चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. डोस वाढवण्याआधी नमुना घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे, आणि प्रकृती झपाट्याने ढासळत असेल तर उपचार आधी.

पहिल्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला नमुना) आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्या आणि नव्या नमुन्यासोबत एकाच पॅथॉलॉजिस्टकडे द्या.