एसआयपी थांबवून वेल्डिंग मशीन घेऊ का?

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३६. हातात पगार ६२,००० येतो. गृहकर्जाचा हप्ता १९,५००, घरखर्च ३४,०००, एसआयपी ६,०००. अडीअडचणीला ९०,००० ची एफडी. दिवाळीला साधारण ४५,००० बोनस. वडिलांची २००६ ची मारुती ८०० घरच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि पायाखालचा पत्रा गंजलाय. बॉडीवाला १४,००० सांगतो. त्यापेक्षा ३१,००० चं २०० अँपिअरचं मिग मशीन (वायर आपोआप पुढे सरकवत जोड मारणारं वेल्डिंग मशीन) कार्डावर बारा हप्त्यांत घ्यावं, सहा महिने एसआयपी थांबवावी आणि जोडावर सोडायच्या गॅसच्या सिलिंडरची कटकट नको म्हणून त्या गॅसशिवाय चालणारी ‘गॅसलेस’ वायर वापरावी, असा त्यांचा विचार आहे. एका कारखान्यातलं जुनं थ्री फेज मशीनही २२,००० ला मिळतंय.

नमस्कार. मशीन जरूर घ्या, पण हप्त्यांवर नको आणि एसआयपी थांबवून तर नकोच. थ्री फेजचा विषय आजच सोडा. ४१५ व्होल्टचं ते मशीन घरच्या २३० व्होल्टवर चालणार नाही. महावितरणकडे जोडणी बदलायला गेलात की वाचलेले ९,००० तिथेच जातील.

तुमच्या पत्रातल्या ‘त्यापेक्षा’ या शब्दावर मी अडलो. १४,००० वाचवायला ३१,००० घालायचे हा हिशोब बसत नाही, आणि खर्च ३१,००० वर थांबणारही नाही. सिलिंडर, रेग्युलेटर, ऑटो-डार्क हेल्मेट, हातमोजे, मास्क, ग्राइंडर, क्लॅम्प, वायर, पत्रा आणि १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट मिळून आणखी वीस-बावीस हजार धरून चला. हे मशीन पैसे वसूल करून देणार नाही. वडिलांची गाडी स्वतःच्या हातांनी उभी करायची आहे, हे कारण मला पुरेसं वाटतं. पण मग हा खर्च हौसेचाच म्हणून लिहा आणि हौसेच्याच पैशातून करा.

ते पैसे आज तुमच्याकडे नाहीत. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ५३,५०० लागतात, म्हणजे ९०,००० ची एफडी दोन महिनेही पुरत नाही. एसआयपीसकट सगळं भागवून हातात उरतात २,५००. ‘नो कॉस्ट’ हप्ताही फुकट नसतो. व्याजाइतकी सूट दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि दुकानदार रोखीवर जे सोडतो तेही जातं.

म्हणून क्रम बदला. आधी फक्त ग्राइंडर, तारेचा ब्रश, चष्मा आणि मास्क घ्या. चार-पाच हजारांत भागेल. मॅट उचला, गंज खरवडा, जाड स्क्रूड्रायव्हरने पत्रा टोचत जा. जिथे टोक आरपार जातं तिथे खडूने खूण करा. दोन रविवारांत कळेल की भोक तळहाताएवढं आहे की गंज दाराखालच्या सिलपर्यंत गेलाय. पन्नास हजारांचा निर्णय या खुणांवर घ्यायचा. गंज सिल, सीटबेल्टचे पॉइंट किंवा सस्पेन्शनच्या जागांपर्यंत गेला असेल, तर तेवढं काम बॉडीवाल्याकडेच द्या. त्या जोडावर घरच्यांचा जीव असतो. तिथे पहिला हात चालवून बघायचा नाही. आरसीवरची तारीखही बघून ठेवा. पहिली पंधरा वर्षं २०२१ लाच संपली, आणि पुढचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं.

खुणा बघूनही मन ठाम असेल, तर दिवाळीच्या बोनसमधले २५,००० आपत्कालीन एफडीत टाका आणि २०,००० या कामाला ठेवा. उरणाऱ्या २,५०० ची आरडी आजच सुरू करा. वर्षाला ३०,००० होतात. वेळ हप्त्यांएवढाच लागतो, फक्त त्या वर्षात डोक्यावर कर्ज नसतं.

मशीन घेताना माझा आग्रह एकच आहे, पैसे अँपिअरवर घालू नका, गॅसवर घाला. गाडीचा पत्रा पाऊण ते एक मिलिमीटरचा असतो. गॅसलेस वायर जास्त तापते, शिंतोडे उडवते आणि नवशिक्याच्या हातात अशा पत्र्याला भोकं पाडते. मग एक भोक बुजवताना दुसरं मोठं होतं. ०.८ मिलिमीटरची साधी वायर आणि आर्गॉन-सीओटूचं मिश्रण घेतलंत तर जोड आवरता येतो. नुसता सीओटू स्वस्त पडतो, पण शिंतोडे जास्त. सेटिंग जमलं की कढईत भजी सोडल्यासारखा एकसलग आवाज येतो. फटफट वाजलं तर थांबा आणि वायरचा वेग बघा. वाऱ्यात गॅस उडून जातो, म्हणून पार्किंगला आडोसा करा, पण धूर बाहेर जायला वाट ठेवा. बॅटरी काढून ठेवा. पेट्रोलच्या टाकीजवळचं काम टाकी उतरवल्याशिवाय नाही. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा.

दुकानात ‘जास्तीत जास्त किती अँपिअर?’ असं विचारू नका, कमीत कमी किती ते विचारा. तीस-चाळीसवर स्थिर चालणारं लहान मशीन तुमच्या पत्र्याला २०० च्या आकड्यापेक्षा उपयोगी, आणि बहुधा स्वस्तही. ड्यूटी सायकलची, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालतं याची, फार चिंता नको, पत्र्यावर आपण टाके घालत थांबत-थांबतच जातो. जाताना गाडीचा कापलेला तुकडा पिशवीत घेऊन जा आणि त्यावरच जोड मारून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.